भयकादंबऱ्यांच्या सचित्र आवृत्त्या: नागपुरात संग्रह करणाऱ्यांसाठी

अभिजात भयकादंबऱ्यांच्या सचित्र आवृत्त्या जमवू इच्छिणाऱ्याने आधी चित्रकार ठरवावा आणि मग पुस्तक शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘फ्रँकेनस्टाइन’ किंवा ‘ड्रॅक्युला’ यांचा मजकूर कोणत्याही स्वस्त प्रतीत वाचायला मिळतो. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते चित्रांसाठी, कागदासाठी आणि बांधणीसाठी.

‘फ्रँकेनस्टाइन’चेच पाहा. 1818 साली ही कादंबरी लेखिकेच्या नावाविना तीन खंडांत निघाली, आणि थिओडोर फॉन होल्स्ट यांचे मुखचित्र तिला लाभले ते 1831 च्या आवृत्तीत. 1934 मध्ये लिंड वॉर्ड यांनी लाकडावर कोरलेल्या चित्रांत तो राक्षस अंगाने प्रचंड आणि तरीही केविलवाणा दिसतो. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या बर्नी राइटसन यांच्या चित्रांत मात्र प्रयोगशाळेतली एकेक बाटली, एकेक नळी शाईच्या बारीक रेघांनी इतकी दाट भरली आहे, की एकाच पानावर अर्धा तास सहज जावा. या दोघांपैकी आपले मन कोणाकडे ओढ घेते, हे कळले की पुढची निवड सोपी होते. मजकूर कोणता आहे, हेही तपासावे. मेरी शेली यांनी 1831 मध्ये बरेच फेरफार केले. आधी नायकाची आतेबहीण असलेली एलिझाबेथ त्या आवृत्तीत घरात आणून वाढवलेली अनाथ मुलगी झाली. चांगल्या प्रकाशकाने वापरलेल्या मजकुराचे साल शीर्षकपानामागे किंवा प्रस्तावनेत दिलेले असते.

बजेट बेताचे असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या लिमिटेड एडिशन्स क्लबने 1929 पासून साधारण 1500 प्रतींच्या, बहुधा चित्रकाराची स्वाक्षरी असलेल्या आवृत्त्या काढल्या, आणि त्यांतील अनेकांची चित्रे हेरिटेज प्रेसने पुढे साध्या, स्वस्त बांधणीत पुन्हा छापली. 1947 साली स्थापन झालेल्या लंडनच्या फोलिओ सोसायटीच्या जुन्या प्रतीही वापरलेल्या पुस्तकांच्या बाजारात रास्त भावात मिळतात. सीताबर्डीच्या पदपथावर अशी प्रत क्वचितच हाती लागते. तरी चक्कर मारणे मी सोडलेले नाही.

प्रत हातात घेतल्यावर सोनेरी अक्षरे नव्हे, तर शिवण पाहावी. पुस्तक उभे धरून डोक्याच्या बाजूने कण्याकडे बघावे. पानांचे फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे, वेगवेगळे दिसले, तर एखाद्या फर्म्याच्या मधोमध पान उघडून दोरा शोधावा. दोरा दिसला, तर पुस्तक शिवलेले आहे. सगळी पाने एकसंध कापून नुसती डिंकाने चिकटवलेली असतील, तर वरचे चामडे कितीही देखणे असो, नागपूरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत डिंक कडक होऊन पाने सुटू लागतात. कण्याच्या टोकाला दिसणारी रंगीत पट्टी पाहून फसू नये, कारण ती आजकाल बहुधा वरून चिकटवलेली असते. त्यानंतर चित्रसूची काढून प्रत्येक चित्रपान मोजावे. जुन्या पुस्तकांतली चित्रपाने वेगळी चिकटवलेली असत आणि चौकटीत लावण्यासाठी ती कापून विकण्याची वाईट रीत फार जुनी आहे.

चामड्याविषयी मी अधिक सावध झालो, त्याला एक प्रसंग कारण आहे. चामडी बांधणीचा ‘ड्रॅक्युला’ मी हौसेने बैठकीत, कूलरच्या समोरच्या फळीवर ठेवला होता. मे महिन्यात दिवसभर कोरड्या झळा आणि रात्री कूलरची ओल, अशा ओढाताणीत पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला, कण्यालगतच्या सांध्यावर भेग पडली, आणि जुलैत त्याच भेगेत पांढुरकी बुरशी धरली. ज्या कारागिराकडे तो दुरुस्तीला दिला, त्याने सांध्यात बाजारातला पांढरा डिंक भरला. आता तो डिंक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. म्हणून नागपूरकरांनी शक्यतो चांगल्या कापडी बांधणीची प्रत घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. यात कमीपणा काहीच नाही. 1897 साली ‘ड्रॅक्युला’ची पहिली आवृत्ती पिवळ्या कापडावर लाल अक्षरे घेऊनच आली होती. दुरुस्ती करावीच लागली, तर गव्हाच्या पिठाची नव्हे, गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरायला सांगावे. ती पुढे ओलसर करून सोडवता येते. खळीत मोरचूद घालू देऊ नये, कारण त्यातले तांबे कालांतराने कागद खराब करते. चिकटपट्टीला तर हातही लावू नये.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर आणि कूलरच्या झोतापासून बाजूला असावे. आत आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवून काटा 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावल्या की बदलाव्यात. पुस्तके उभी ठेवावीत, पण कोंबू नयेत. जाड, मोठ्या आकाराची प्रत मात्र आडवी ठेवावी, म्हणजे पानांच्या वजनाने कणा खाली ओढला जात नाही. कसर आणि वाळवी यांसाठी महिन्यातून एकदा फळ्या रिकाम्या करून मागची बाजू पाहण्यावाचून दुसरा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

परदेशातून मागवताना टपालखर्चासोबत सीमाशुल्कही धरावे. 2019 च्या अर्थसंकल्पात आयात केलेल्या छापील पुस्तकांवर 5 टक्के शुल्क लावण्यात आले. विक्रेत्याकडून कण्याचा, सांध्यांचा आणि किमान तीन चित्रपानांचा फोटो आधी मागून घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत मागवणे टाळावे, कारण तापलेल्या गाडीत दिवसभर पडलेल्या खोक्यात बांधणीचा डिंक मऊ होतो. खोके आले की रात्रभर खोलीत न उघडता राहू द्यावे, सकाळी उजेडात उघडून शिवणीत आणि पुठ्ठ्याच्या आतल्या घडीत किडीची अंडी किंवा भुगा आहे का ते पाहावे, आणि ती प्रत पंधरा दिवस इतर पुस्तकांपासून वेगळी ठेवून मगच कपाटात लावावी.