ब्लूजच्या क्रूझला जाताय? आधी व्हिसा बघा

फ्लोरिडाहून कॅरिबियन बेटांकडे निघणाऱ्या ब्लूजच्या क्रूझचं, म्हणजे ब्लूज या अमेरिकी संगीताच्या मैफली असलेल्या जलसफरीचं, तिकीट काढण्याआधी व्हिसा नीट बघा. जहाज मधेच दुसऱ्या देशाच्या बंदराला लागतं आणि अमेरिकेत परत येतं, म्हणून अमेरिकेचा मल्टिपल एंट्री (एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा) व्हिसाच हवा. बेटांचे नियम वेगळे, तेही तपासा.

सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, मग मुंबईहून विमान. एवढ्या लांबच्या प्रवासात बंदराच्या गावी निदान एक दिवस आधी पोहोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही.

आता खरा मुद्दा, कान. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात आपण दोन-तीन तास गाणं ऐकून घरी येतो. क्रूझवर दुपारपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत मैफली, त्याही रोज. 85 डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं एकक) आवाज कानांना दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं! संगीतासाठी मिळणारे इअरप्लग घ्या, सूर बिघडत नाहीत. कापसाच्या बोळ्यांवर विसंबू नका. स्पीकरसमोर उभं राहू नका.

एकच कलाकार सफरीत बहुधा एकापेक्षा जास्त वेळा वाजवतो. डेकवर एकदा ऐकलंत, तर पुढच्या वेळी लहान लाउंज गाठा. बोटांखाली गिटारची तार कशी वाकते ते तिथेच दिसतं. आणि रात्रीच्या जॅमसाठी, म्हणजे कलाकारांच्या आयत्या वेळच्या एकत्र वादनासाठी, दुपारी झोप काढा. ठरवून न केलेलं वादन मला तरी सगळ्यात गोड वाटतं.

एसी हॉलमध्ये गारठा असतो, पातळशी सोलापुरी चादर बॅगेत असू द्या.