स्टॅटिक मेंबरला पहिली किंमत कुठे द्यावी?

दसऱ्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागू लागतात. तिथे वजनाचे काटे दोन असले, तरी पावतीचा क्रमांक एकाच ओळीने पुढे सरकला पाहिजे. हा प्रोग्रॅम सी प्लस प्लस या भाषेत लिहिताना प्रत्येक काटा हा ‘काटा’ या क्लासचा, म्हणजे साच्याचा, ऑब्जेक्ट होतो आणि आपले वजन आपल्यापाशी ठेवतो; पावतीक्रमांक मात्र दोघांचा सामाईक असल्यामुळे तो स्टॅटिक मेंबर, म्हणजे क्लासच्या सर्व ऑब्जेक्टना मिळून एकच असणारा, करावा. (खालील ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीत लिहाव्यात.)

तालुक्याच्या कॉलेजात शिकवताना मला नेहमी दिसते, की विद्यार्थी क्लासच्या आत ‘स्टॅटिक इंट पावतीक्रमांक;’ एवढेच लिहून थांबतात. कंपायलर काही बोलत नाही, पण क्रमांक वापरला की लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्रॅम) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडतो. कारण ही ओळ केवळ घोषणा आहे, तिने मेमरीत जागा मिळत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद झाली म्हणून शेतात पाणी लागत नाही, तसेच हे आहे.

जागा आणि किंमत क्लासच्या बाहेर, एकाच सीपीपी फाइलमध्ये (कोड असलेल्या, कंपाइल होणाऱ्या फाइलमध्ये) द्यावी:

इंट काटा::पावतीक्रमांक = 1;

येथे ‘स्टॅटिक’ शब्द पुन्हा लिहू नये. लिहिल्यास कंपायलर लगेच चूक दाखवतो. ‘काटा::’ विसरणे अधिक फसवे आहे, कारण मग त्याच नावाचा वेगळाच ग्लोबल व्हेरिएबल तयार होतो आणि लिंकरची तक्रार जशीच्या तशी राहते. मेंबर प्रायव्हेट असला तरी ही ओळ चालते.

हीच ओळ हेडरमध्ये (अनेक सीपीपी फाइलींत घेतल्या जाणाऱ्या सामाईक फाइलमध्ये) ठेवली आणि ते हेडर दोन सीपीपी फाइलींनी घेतले, तर ‘मल्टिपल डेफिनिशन’ची चूक येते. इन्क्लूड गार्डने (हेडर दोनदा घेतले जाऊ नये म्हणून त्यात लिहिलेल्या ओळींनी) ती टळत नाही, कारण गार्ड एका सीपीपी फाइलच्या कंपाइलपुरताच राखण करतो.

कन्स्ट्रक्टरमध्ये (प्रत्येक ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पावतीक्रमांक = 1 असे कधीही लिहू नये. सकाळी पहिल्या काट्यावर चाळीस पावत्या फाटल्या आणि दुपारी दुसरा काटा सुरू झाला, तर त्याचा ऑब्जेक्ट तयार होताच क्रमांक पुन्हा 1 वर येईल आणि दोन शेतकऱ्यांच्या हाती एकाच क्रमांकाची पावती पडेल. चुकाऱ्याच्या दिवशी तो घोळ निस्तरणे फार कठीण जाते.

सी प्लस प्लस 17 पासून क्लासच्या आतच ‘इनलाइन स्टॅटिक इंट पावतीक्रमांक = 1;’ असे लिहिता येते. कंपायलर नवा असल्यास मी हीच पद्धत सुचवतो. क्विंटलचे 100 किलो यासारखा न बदलणारा पूर्णांक स्टॅटिक कॉन्स्ट करून आत लिहिण्याची सोय त्याआधीपासूनच आहे.

पहिली किंमत दुसऱ्या सीपीपी फाइलमधल्या, प्रोग्रॅम चालू झाल्यावरच किंमत मिळणाऱ्या स्टॅटिक ऑब्जेक्टवरून घ्यायची असेल, तर आधी कोण तयार होईल याची भाषा हमी देत नाही. अशा वेळी तो ऑब्जेक्ट एखाद्या फंक्शनच्या आत स्टॅटिक म्हणून ठेवावा आणि फंक्शनने त्याचा रेफरन्स (प्रत न करता तोच ऑब्जेक्ट वापरू देणारे नाव) परत द्यावा. मग तो पहिल्या हाकेलाच तयार होतो आणि सी प्लस प्लस 11 पासून, दोन थ्रेडनी (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या भागांनी) एकदम हाक मारली तरी, एकदाच तयार होतो.