इसबावर झाडपाला लावण्याआधी

माझ्या मुलीला लहानपणापासून इसब आहे. आम्ही गोव्यात, फोंड्याला राहतो, त्यामुळे परसातले उपाय सांगणारी मायेची माणसं खूप. सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "तिची प्रतिकारशक्ती वाढव, गुळवेलीचा काढा दे."

इथेच थांबा. जुनाट इसबात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती नको तिथे पेटलेली असते. त्वचेचा वरचा थर सांध्यांतला चुना झडलेल्या चिऱ्यांच्या भिंतीसारखा होतो: आतली ओल उडून जाते, बाहेरची धूळ आत शिरते. मग शरीर इंटरल्युकिन-४ आणि १३ सारखी रसायनं सोडतं, त्यांनी दाह वाढतो आणि थर आणखी कच्चा होतो. अशा वेळी काढ्याने आणखी काय चेतवायचं? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली आहे. पोटात घ्यायचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आमच्या घरात टिकलं ते घाण्याचं खोबरेल. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ठाण मांडतो, आणि खोबरेलातलं लॉरिक आम्ल त्याला आवरतं. आंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांची. पंचाने अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि त्वचा ओलसर असतानाच तेल लावायचं. थंडीत टाचा, कोपरं भेगाळली की भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल: वडीचा तुकडा तळहातावर चोळला की अंगाच्या उबेने विरघळतो. ऑलिव्ह तेल मात्र नको, त्याने हा थर उलट ढिला पडतो.

नवीन काहीही, अगदी हळद किंवा कोरफडसुद्धा, आधी हाताच्या आतल्या बाजूला, इसब नसलेल्या जागी लावून बघा. रुपयाएवढी जागा, दिवसातून दोनदा, आठवडाभर. एका रात्रीत कळत नाही, कारण ॲलर्जी उठायला दोन-तीन दिवस लागू शकतात. एका वेळी एकच वस्तू, नाहीतर कशाने काय झालं ते समजणार नाही. चिघळलेल्या जागी पाला वाटून बांधू नका.

बिब्बा तर अजिबात नको. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले. काजूच्या दिवसांत बिया फोडणाऱ्या बायकांची बोटं पाहिलीत ना, तो चीक धडधाकट कातडीही जाळतो.

लेबल नसलेल्या 'शुद्ध वनस्पती' मलमाने चार दिवसांत लख्ख गुण आला तर संशय घ्या. लंडनमध्ये अशी ११ मलमं तपासली, त्यांतल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. तो अहवाल १९९९ मध्ये छापून आला. डॉक्टरांनी मोजून दिलेलं स्टेरॉइड वेगळं. तेल सुरू केलं म्हणून ते मनाने बंद करू नका.

पिवळी खपली, पू, ताप, किंवा एकदम उठलेले दुखरे फोड दिसले तर घरगुती सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जवळ कोणी नसेल तर सरळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात.