जाळी भरली म्हणजे समुद्र भरलेला असतोच असं नाही: मासेसाठ्याचा अंदाज बांधताना या चुका टाळा

पकड वाढली म्हणजे मासे वाढले, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून तीच आधी घेतो.

पेरूच्या किनाऱ्याला खोलातलं गार, पोषक पाणी वर येतं आणि त्यावर अँकोव्ही ही छोटी मासळी पोसली जाते. १९७२च्या एल निनोत, म्हणजे पॅसिफिकचं पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा तापतं त्या काळात, वरचं पाणी तापलं. गार पाणी उरलं ते किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यांत, आणि एरवी दूरवर पांगलेले थवे तिथे दाटीवाटीने गोळा झाले. होड्यांना लांब जावंच लागेना. जाळी तुडुंब भरून येत होती. नुसती पकड पाहणाऱ्याला सुगीच वाटली असती. पण त्या मोसमात नवी पिल्लं फारशी आलीच नव्हती, आणि उपसले जात होते ते अंडी घालणारे मोठे मासे. १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांच्या घरात गेलेली पकड १९७३ मध्ये २० लाख टनांच्याही खाली आली. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा घटत असतानाही उरलेले मासे एकवटत गेले, त्यामुळे ट्रॉलरची (जाळं ओढत नेणाऱ्या बोटींची) तासाची पकड बरी दिसत राहिली. जुलै १९९२ मध्ये ती मासेमारी बंदच करावी लागली.

म्हणून पकडीच्या आकड्याशेजारी दोन प्रश्न लिहून ठेवा: मासे किती क्षेत्रात मिळाले, आणि त्यांत लहान किती, मोठे किती? क्षेत्र आकसतंय आणि लहान मासे दिसत नाहीत, तर भरलेलं जाळं हा धोक्याचा इशारा समजा. ठरलेल्या ठिकाणी दरवर्षी होणाऱ्या पाहणीचे आकडे मिळत असतील, तर विश्वास त्यांच्यावर ठेवा.

उलटी चूकही होते. जाळं रिकामं आलं की मासा संपला, असं नाही. एल निनोत पश्चिम पॅसिफिकमधला स्किपजॅक ट्यूना गरम पाण्यामागे हजारो किलोमीटर पूर्वेला सरकतो.

उपग्रहाचा तापमान-नकाशा पाहून लगेच निर्णय घेऊ नका. त्यात दिसतो तो समुद्राचा फक्त वरचा पापुद्रा. ट्यूनाच्या बाबतीत पाणी किती खोलीवर एकदम गार होतं, हे जास्त महत्त्वाचं. तो गार थर वर असेल आणि खाली प्राणवायू कमी असेल, तर यलोफिन ट्यूना खाली बुडी मारत नाही आणि थव्याभोवती टाकलेल्या वेढा जाळ्यात सापडतो. थर खोल असेल तर जाळ्याखालून निसटतो. वरचं तापमान दोन्ही वेळा सारखंच असू शकतं. खोलीनुसार तापमान मोजणाऱ्या आर्गो तरंगकांची माहिती खुली आहे. ती जोडून पाहा.

समुद्रातल्या हरितद्रव्याचा उपग्रह-नकाशा आज हिरवा दिसला म्हणून आज मासे मिळतील, हा हिशेबही चुकतो. आधी वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती), मग त्या खाणारे प्राणीप्लवक (तरंगणारे बारीक जीव), मग मासा. मध्ये वेळ जातो. साठ्यावरचा परिणाम तर त्याहून उशिरा कळतो. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्येच मांडलं होतं की एखाद्या वर्षीची पिल्लं किती जगतात यावर पुढच्या कित्येक वर्षांची पकड अवलंबून असते. १९०४ मध्ये जन्मलेल्या हेरिंगच्या एकाच पिढीने नॉर्वेची जाळी वर्षानुवर्षं भरली. तेव्हा यंदाची पकड यंदाच्या पाण्याशी न जोडता, ते मासे जन्मले त्या वर्षीच्या पाण्याशी जोडून पाहा.

आणि एकदा जुळलेला संबंध कायम जुळेल असं धरू नका. कॅलिफोर्नियात सार्डिन किती पकडावी, हे ठरवताना समुद्रात बांधलेल्या एका धक्क्यापाशी मोजलेलं पाण्याचं तापमान वापरलं जात होतं. पुढच्या वर्षांची माहिती घालून तपासलं तेव्हा ते तापमान आणि सार्डिनची पैदास यांचा संबंध टिकला नाही. तुमच्या आकड्यांतली शेवटची काही वर्षं बाजूला ठेवा, आधीच्या वर्षांवरून अंदाज बांधा, आणि मग ताडून पाहा.