ऑफिसात विंडोज, घरी लिनक्स, मग कोड एडिटर कुठला घ्यायचा?

"बेस्ट एडिटर कुठला" विचारलं की जो तो आपापला झेंडा घेऊन उभा राहतो, पण ज्याला ऑफिसचं विंडोज, घरचा जुना लिनक्सवाला लॅपटॉप आणि मधेच कुणाचातरी मॅक अशा सगळ्यांवर वेबसाइटचं काम करायचंय त्याचं दुखणं वेगळंय. फीचर्स आता सगळ्यांकडे आहेत हो. बघायचं एवढंच की सगळ्यात मरतुकड्या मशीनवर तो नीट चालतो का, आणि मशीन बदललं तरी आपली सेटिंग्ज मागोमाग येतात का.

म्हणून सुरुवात मरतुकड्या मशीनपासूनच करा. व्हीएस कोड फुकट आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतो, पण तो इलेक्ट्रॉन नावाच्या साच्यावर बनवलाय म्हणजे आत अख्खा क्रोमियम (ब्राउझर) बसलाय, त्यामुळे 4 जीबी रॅमवर शेजारी ब्राउझरचे टॅब आणि साइट आपल्याच मशीनवर चालवून बघायचा नोडचा डेव्ह सर्व्हर सुरू केला की लॅपटॉप रडायला लागतो. तिथे सब्लाइम टेक्स्ट नावाचा एडिटर लावा, झटकन उघडतो आणि मोठी फाइलसुद्धा न कुरकुरता दाखवतो. ट्रायलला मुदत नाही, फक्त सेव्ह करताना अधूनमधून "विकत घ्या" म्हणतो, आणि घेतलंच तर लायसन माणसाच्या नावावर असतं, मशीनच्या नाही, म्हणजे तिन्हीकडे तेच चालतं. विंडोज 7 वाल्यांनी लक्षात ठेवा, व्हीएस कोड तिथे 1.70 वरच थांबलाय. नोटपॅड++ मस्तच आहे पण विंडोजपुरता. जुन्या व्हिडिओत अजून अॅटम आणि ब्रॅकेट्स हे एडिटर सुचवतात, त्या वाटेला जाऊ नका, अडोबीने ब्रॅकेट्सचा सपोर्ट 2021 मध्ये काढला आणि गिटहबने (कोड ऑनलाइन ठेवायची साइट) अॅटम 2022 च्या डिसेंबरात बंद केला.

रॅम 8 जीबी किंवा वर असेल तर माझं मत सरळ व्हीएस कोड, आणि कारण एकच, सेटिंग्ज सिंक. डावीकडे खाली गिअरचं चिन्ह आहे त्यातून सिंक चालू करायचं, गिटहब किंवा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन इन करायचं, मग दुसऱ्या मशीनवर तेच अकाउंट टाकलं की एक्स्टेन्शन, स्निपेट (साठवलेले कोडचे तुकडे), थीम सगळं येतं. की-बोर्ड शॉर्टकट मात्र प्रत्येक ओएसचे वेगळे ठेवले जातात, ते बरंच आहे, कारण मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड लागतं. दुसऱ्या मशीनवर आधीच काही सेटिंग असतील तर "मर्ज की रिप्लेस" विचारतो, तिथे घाईत रिप्लेस दाबू नका, नाहीतर त्या मशीनवरचं जुनं सगळं धुतलं जाईल.

ऑफिसच्या मशीनवर पर्सनल अकाउंट चालत नसेल तर झिपवाली आवृत्ती घ्या, उघडलेल्या फोल्डरमध्ये "डेटा" नावाचं (इंग्रजी स्पेलिंगने) रिकामं फोल्डर बनवा, की सगळी सेटिंग्ज त्यातच राहतात आणि पेनड्राइव्हवर नेता येतात. अर्थात ऑफिसात पेनड्राइव्ह चालतो का ते आधी आयटीवाल्यांना विचारा. आणि इन्स्टॉलच करायचं नसेल तर गिटहबवर रेपो (प्रोजेक्टचं फोल्डर) उघडून नुसतं टिंबाचं बटण दाबा, ब्राउझरमध्येच एडिटर उघडतो. टर्मिनल मिळत नाही त्यामुळे एनपीएम (पॅकेज टाकायची कमांड) वगैरे विसरा, पण दोन ओळी दुरुस्त करून कमिट करायला, म्हणजे बदल नोंदवायला, भरपूर झालं.

आता खरी डोकेदुखी. ओळ संपल्याची न दिसणारी खूण विंडोजवर सीआरएलएफ, लिनक्स-मॅकवर एलएफ, त्यामुळे कधीकधी एक शब्द बदलला तरी गिट (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) अख्खी फाइल बदलली म्हणून दाखवतं. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे ते लिहिलेलं असतं, क्लिक करून एलएफ करा, आणि प्रोजेक्टमध्ये एडिटरकॉन्फिगची फाइल टाका, त्यात इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा), ओळीचा शेवट आणि यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) एकदाच ठरवून द्यायचं. वेबस्टॉर्म नावाचा एडिटर ती आपोआप वाचतो, व्हीएस कोडला एक्स्टेन्शन लागतं. दुसरी गंमत म्हणजे फाइलचं नाव कॅपिटल एचने हेडर आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल एचने, तर विंडोजवर आणि साधारण मॅकवरही निमूट चालतं, आणि लिनक्स सर्व्हरवर टाकलं की फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड आपटतो. त्यामुळे फाइलींची नावं सगळी स्मॉलमध्येच ठेवा, एडिटर कुठलाही असो.

सर्व्हरवर एसएसएचने (टर्मिनलमधून लांबूनच) जाऊन काम असेल तर टर्मिनलमध्येच चालणाऱ्या विम एडिटरचं जुजबी शिकून घ्या, निदान आय दाबून लिहिणं आणि सेव्ह करून बाहेर पडणं. झेड नावाचा नवा एडिटर खूप फास्ट आहे, अॅटमवाल्यांनीच रस्ट या भाषेत लिहिलाय, 2025 पासून विंडोजवरही आलाय, पण एक्स्टेन्शन व्हीएस कोडच्या मानाने कमी आहेत.

मराठी मजकुराची साइट करत असाल तर अजून एक, सिंकमधून फॉन्टचं फक्त नाव येतं, फॉन्ट नाही. सेटिंगमध्ये कोडच्या फॉन्टनंतर स्वल्पविराम देऊन नोटो सान्स देवनागरी लिहा आणि तो प्रत्येक मशीनवर हाताने टाका, नाहीतर एकीकडे मराठी नीट दिसेल आणि दुसरीकडे सिस्टीम मिळेल तो फॉन्ट लावेल.