लडीवर लॉट नंबर टाकाच

हाताने रंगवलेल्या लोकरीचा स्टॉल लावताय ना, मग प्रत्येक लडीच्या लेबलवर वजन, मीटर, धागा कशाचा हे तर लिहाच पण लॉट नंबरही टाका, म्हणजे एकाच वेळी एकत्र रंगवलेल्या सगळ्या लडींना एकच नंबर. रेसिपी तीच असली तरी दोन वेळा रंगवलेला रंग अगदी सेम येत नाही, आणि स्वेटरला 4-5 लडी सहज लागतात, गिऱ्हाईक घरी विणायला बसलं आणि मधेच वेगळा पट्टा दिसला की एवढी मेहनत वाया, फार वाईट वाटतं हो. म्हणून एका लॉटच्या लडी एकत्रच मांडा. वेगळ्या लॉटच्या घेतल्याच तर दर 2 ओळींनी लडी बदलत विणायला सांगा. आणि पिवळ्या लाईटमध्ये निळे-जांभळे रंग मळकट दिसतात, पांढरा दिवा स्वतःचाच न्या.