विंडोजचा कीबोर्ड मॅकला जोडताना

विंडोजचा यूएसबी कीबोर्ड मॅकला लावला की लगेच चालतो, फक्त विंडोज-की कमांड होते आणि ऑल्ट ऑप्शन. मॅकवर स्पेसबारशेजारी कमांड असते, इथे ऑल्ट. त्यामुळे अंगठा सवयीने कॉपी करायला जातो आणि मजकुरात शेपूटवाला ‘सी’ उमटतो!

सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज असं आत जा. वरच्या यादीत आधी बाहेरचा कीबोर्ड निवडा. चूक होते ती इथेच: यादीत मॅकबुकचा राहिला तर त्याचीच बटणं उलटी होतात. मग ऑप्शनपुढे कमांड, कमांडपुढे ऑप्शन, आणि डन.

प्रिंट स्क्रीन मात्र एफ१३ म्हणून ओळखलं जातं; स्क्रीनशॉटला कमांड-शिफ्ट-३ च.